पहिली धाव धरते, तिसरी घसरते: ड्रॅग रेसिंगमध्ये टायरच्या हवेचा वारंवार येणारा घोळ

ड्रॅग रेसिंग म्हणजे थांबलेल्या गाडीने सरळ पट्ट्यावर ठरलेले छोटे अंतर कमीत कमी वेळात कापण्याची शर्यत. सकाळची पहिली धाव उत्तम होते, मागचे टायर जमीन धरून ठेवतात आणि टाइमस्लिपवर (धावेच्या वेळांच्या पावतीवर) पहिल्या साठ फुटांची वेळ मनासारखी दिसते. दुपारपर्यंत तीच गाडी, तोच चालक, तेच लाँच आरपीएम (सुटतानाचा इंजिनाचा फिरण्याचा वेग) आणि आपल्या समजुतीप्रमाणे टायरमध्ये तेवढीच हवा असूनही चाके जागेवर फिरू लागतात. मग शेजारच्या कोणाच्या तरी सल्ल्यावरून २ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा काढली जाते आणि थोडासा फरक पडतो. आणखी ३ काढली जाते तेव्हा गाडी पहिल्यापेक्षाही वाईट वागते. आणि संध्याकाळपर्यंत क्लच, शॉकअब (शॉक अब्सॉर्बर), लाँच कंट्रोल अशा प्रत्येक गोष्टीवर संशय घेऊन झालेला असतो. पुढच्या स्पर्धेला पुन्हा तोच क्रम सुरू होतो. मी स्वतः हा धडा जवळजवळ दोन हंगाम गिरवला, म्हणून त्यातून जे हाती लागले ते सविस्तर लिहीत आहे. हे लेखन मुख्यतः मागच्या चाकांवर चालणाऱ्या, हौशी स्पर्धेत उतरणाऱ्या गाड्यांसाठी आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा वेगळा मुद्दा पुढे येईल.

आधी खात्री करा की चाक खरोखरच घसरते आहे

साठ फुटांची वेळ वाढली की आपण लगेच ‘पकड मिळाली नाही’ असे म्हणून मोकळे होतो, पण ही वेळ दोन अगदी उलट कारणांनी वाढते. एकात चाक जमिनीपेक्षा जास्त वेगाने फिरते. दुसऱ्यात पकड इतकी मिळते की इंजिन त्या भाराखाली दबते, आरपीएम खाली येतात आणि गाडी क्षणभर गुदमरून मग निघते. पहिल्या दोषावर हवा कमी करणे हा उपाय असू शकतो, तर दुसऱ्या दोषात हवा आणखी कमी केली की दुखणे वाढते, कारण मऊ टायर जमिनीला जास्त चिकटतो आणि तो फिरवायलाही जास्त शक्ती लागते. चालकाच्या सीटवरून या दोहोंतला फरक ओळखणे वाटते तितके सोपे नाही; हेल्मेटच्या आत, शेजारच्या लेनमधल्या गाडीच्या आवाजात, आपल्या इंजिनाचा आवाज चढला की बसला हे कळत नाही, असे मी प्रांजळपणे सांगतो.

त्यामुळे आरपीएमची नोंद ठेवणारे साधन असेल तर लाँचनंतरच्या पहिल्या सेकंदाचा आलेख पाहावा. घसरत असेल तर आरपीएमची रेघ एकदम उभी वर जाते. गुदमरत असेल तर ती खड्ड्यात उतरते. असे साधन नसेल तर एखाद्या मित्राला परवानगी असलेल्या सुरक्षित जागेवर उभे करून, मोबाइल टायरच्या उंचीवर धरून मागच्या चाकाचे स्लो मोशन चित्रण करायला सांगावे. रिमवर खडूने एक पांढरी रेघ मारून ठेवली तर चाक किती फिरले आणि गाडी किती सरकली हे चित्रणात नीट दिसते. मला सर्वांत जास्त माहिती याच फुकटच्या उपायाने दिली.

चाक नेमके केव्हा घसरते हेही त्या चित्रणात पाहून घ्यावे. पहिल्या काही इंचांतच चाक सुटत असेल तर हवा, लाँच आरपीएम किंवा सस्पेन्शन यांपैकी काहीतरी चुकते आहे. गाडी नीट सुटून वीसतीस फुटांवर घसरत असेल तर बहुतेक वेळा मागे गेलेले वजन शॉकअब परत उसळू देतात, किंवा टर्बोचा बूस्ट तिथे एकदम चढतो. अशा वेळी हवेशी खेळत बसणे म्हणजे दुखणे पोटाला आणि लेप गुडघ्याला.

‘तेवढीच हवा’ तेवढीच राहत नाही

आता मूळ कारणाकडे वळू. टायरच्या आत कोंडलेल्या हवेचा दाब तिच्या तापमानाबरोबर बदलतो, हे सर्वांना ठाऊक असते. किती बदलतो हे मात्र फार थोडे लोक मोजून पाहतात. गेज दाखवते तो दाब वातावरणाच्या दाबाच्या वरचा असतो, आणि तापमानाचा परिणाम मात्र एकूण दाबावर, म्हणजे गेजचा आकडा अधिक वातावरणाचे सुमारे १४.७ पीएसआय, यावर होतो. सकाळी २० अंश सेल्सियसला ड्रॅग रेडियलमध्ये (ड्रॅग रेसिंगसाठीच्या मऊ रबराच्या रेडियल टायरमध्ये) १८ पीएसआय हवा ठेवली असे समजा. एकूण दाब ३२.७ झाला. ऊन, तापलेला ट्रॅक आणि आधीच्या धावांची उष्णता यांमुळे आतली हवा ४५ अंशांवर गेली, तर एकूण दाब सुमारे ३५.५ होतो आणि गेजवर २०.८ दिसतात. व्हॉल्व्हला कोणी हातही न लावता जवळजवळ ३ पीएसआय वाढले.

स्लिक (खाचा नसलेले शर्यतीचे टायर) वापरणाऱ्यांनी हाच हिशेब १२ पीएसआयने करून पाहावा: तेवढ्याच तापमानवाढीत तो आकडा सुमारे १४.३ वर जातो. रस्त्यावरच्या टायरमध्ये ३० चे ३३.८ होतात, म्हणजे आकड्यातली वाढ तिथे मोठी दिसते. पण मूळ आकड्याच्या प्रमाणात पाहिले तर ३० वरची वाढ सुमारे १३ टक्के आणि १२ वरची सुमारे १९ टक्के आहे. ज्या टायरला अर्ध्या पीएसआयचा फरक कळतो, त्याच टायरमध्ये हवा अशी सरकत असते, आणि म्हणून कमी दाबावर चालणाऱ्या टायरच्या मालकाला हा घोळ सर्वांत जास्त छळतो. ध्यानात ठेवायचा ढोबळ हिशेब असा: दर १० अंश सेल्सियसला स्लिकमध्ये सुमारे ०.९, ड्रॅग रेडियलमध्ये १.१ आणि रस्त्याच्या टायरमध्ये १.५ पीएसआय.

आणखी एक बारकावा, जो दूरच्या स्पर्धेला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. समुद्रसपाटीजवळ भरलेला टायर हजार मीटर उंचीवरच्या ट्रॅकवर नेला तर बाहेरचा वातावरणाचा दाब सुमारे १.६ पीएसआयने कमी झालेला असतो, त्यामुळे त्याच तापमानाला गेज जवळजवळ तेवढेच जास्त दाखवते. घरी ‘लावून’ आणलेली हवा तिथे लागू पडत नाही ती यामुळे.

गेजवर किती विश्वास ठेवायचा

माझ्या बाबतीत खरा चोर गेजच निघाला. हवा भरण्याच्या यंत्रासोबत आलेले, शून्य ते १०० पीएसआय दाखवणारे ते काट्याचे गेज मी वर्षभर वापरत होतो. त्यावर दोन पीएसआयला एक रेघ होती, आणि १८ म्हणजे त्या तबकडीवर अगदी सुरुवातीच्या कोपऱ्यातली एक जागा. एकदा रांगेत उभा असताना शेजारच्या स्पर्धकाने त्याचे शून्य ते ३० चे गेज सहज लावून पाहिले. माझ्या १८ च्या जागी डाव्या टायरमध्ये २०.५ आणि उजव्यात १९ निघाले. म्हणजे मी दोन टायर ‘सारखे’ ठेवत होतो तेव्हाही ते सारखे नव्हते, आणि ‘एक पीएसआय कमी केली’ असे वहीत लिहीत होतो तेव्हा प्रत्यक्षात अर्धी की दोन कमी झाली हे देवालाच ठाऊक.

काट्याच्या गेजची चूक साधारणपणे त्याच्या पूर्ण मापाच्या टक्केवारीत सांगितली जाते. पूर्ण मापाच्या २ टक्के चूक गृहीत धरली तर १०० च्या गेजमध्ये ती २ पीएसआय होते, ३० च्या गेजमध्ये ०.६ आणि १५ च्या गेजमध्ये ०.३. म्हणून आपला नेहमीचा आकडा तबकडीच्या मधल्या भागात येईल असे गेज घ्यावे: स्लिकसाठी शून्य ते १५ किंवा २०, ड्रॅग रेडियलसाठी शून्य ते ३०. हवा थोडी थोडी सोडण्याचे बटण असलेले गेज घेतल्यास हाताला वळण लवकर लागते. गेज पडले, आदळले की त्याची खात्री करून घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवसभर, हंगामभर एकच गेज वापरावे. ते अर्ध्या पीएसआयने चुकत असले तरी चालेल, पण रोज तितकेच चुकले पाहिजे.

केव्हा मोजायचे

गेज बदलल्यावर माझा अर्धा घोळ सुटला. उरलेला अर्धा घोळ मी हवा केव्हा मोजतो यात होता. मी सकाळी गाडी ट्रेलरवरून उतरली की हवा लावत असे आणि मग दिवसभर ‘१८ आहे’ या समजुतीत राहत असे. आता मी पद्धत अशी ठेवली आहे की अंतिम मोजणी रांगेत, बर्नआउटला (चाके जागेवर फिरवून टायर तापवायला) जाण्यापूर्वी दोन किंवा तीन गाड्या पुढे असताना करतो, आणि वहीत तोच आकडा लिहितो. पिटमधला (गाडी तयार करण्याच्या जागेतला) आकडा केवळ गळती आहे का हे पाहण्यापुरता. शिवाय धाव संपवून परत आल्यावर शक्य तितक्या लवकर पुन्हा एकदा मोजतो. त्या दोन आकड्यांतली वाढ एका धावेपासून दुसऱ्या धावेपर्यंत एकसारखी येत असेल तर पद्धत स्थिरावली असे समजावे.

रांगेत अर्धा तास उभे राहावे लागले तर एक गंमत घडते. एका बाजूचा टायर उन्हात, दुसरा गाडीच्या सावलीत असतो. काळे रबर ऊन भराभर शोषते आणि दोन्ही टायरांमध्ये एक ते दीड पीएसआयचा फरक सहज पडतो. मग लाँचला गाडी एका बाजूला ओढते आणि आपण स्टीअरिंगला दोष देतो. उन्हाच्या बाजूच्या टायरवर पांढरे, जाड कापड टाकून ठेवणे हा उपाय दिसायला घरगुती आहे, पण तो लागू पडतो. कापड टाकायचे राहिलेच तर उन्हातल्या टायरची हवा लगेच काढून दोन्ही आकडे सारखे करण्याची घाई करू नये, कारण बर्नआउटमध्ये दोन्ही टायर तापून एकमेकांच्या जवळ येतात आणि जिथली हवा काढली तो टायर मग खरोखरच कमी पडतो. गाडी हलवून किंवा थोडा वेळ सावली करून फरक कमी होऊ द्यावा.

हवा काढणे क्षणाचे काम आहे, परत भरणे नाही. संध्याकाळी ट्रॅक थंड होतो, टायर थंड होतात आणि दुपारी काढलेली हवा अचानक कमी पडू लागते. दिवसातल्या शेवटच्या धावेत गाडी शेवटच्या टप्प्यात शेपूट हलवत असेल तर बहुधा हेच झालेले असते. म्हणून एक छोटी हवेची टाकी किंवा पायपंप सोबत ठेवावा.

सुरुवात कुठल्या आकड्यापासून

नेमका आकडा दुसऱ्याला विचारून मिळत नाही, कारण तो गाडीचे वजन, टायरचा आकार, रिमची रुंदी आणि ट्रॅक यांवर ठरतो. तरी सुरुवातीची जागा सांगता येते. रस्त्यावरचे साधे रेडियल टायर असतील तर कंपनीने सांगितलेल्या हवेपासून सुरू करून मागची हवा २ पीएसआयच्या टप्प्यांनी २६ ते २८ पर्यंत आणून पाहावी. त्याखाली फायदा लवकर संपतो, कारण या टायरचा पट्टा ताठ असतो, हवा फार कमी झाली की मधला भाग वर उचलला जातो आणि भार फक्त कडांवर येतो. जमिनीशी संपर्क वाढण्याऐवजी तो वाटला जातो. ड्रॅग रेडियल बहुतेक वेळा १५ ते २० पीएसआयमध्ये चालतात आणि तिथे १ पीएसआयचे टप्पे योग्य. मागच्या बाजूला बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या थरांचे, मऊ बाजूचे) स्लिक असतील तर मध्यम वजनाच्या गाडीवर ८ ते १४ पीएसआय ही सर्वसाधारण मर्यादा. टायर मोठा आणि गाडी हलकी असेल तसा आकडा खाली जातो, आणि टप्पा अर्ध्या पीएसआयचा ठेवावा. टायर बनवणाऱ्याने किमान आकडा दिलेला असेल तर त्याखाली जाऊ नये, मग शेजारचा काहीही म्हणो.

टॉप फ्युएल (ड्रॅग रेसिंगमधल्या सर्वांत वेगवान वर्गातल्या) गाड्या सुमारे ७ पीएसआयवर धावतात हे वाचून आपल्या रेडियलमध्ये तितकी हवा ठेवणारे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. त्या गाड्यांचे टायर तीन फूट उंच आणि दीड फुटाच्या आसपास रुंद असतात, त्यांची बाजू मुद्दाम सुरकुतण्यासाठीच बनवलेली असते आणि ते काही धावांनंतर फेकून दिले जातात.

बायस-प्लाय आणि रेडियल या दोहोंना एकाच मापाने मोजू नये असे मी आग्रहाने म्हणतो. स्लिकची मऊ बाजू लाँचच्या क्षणी पिळवटते, सुरकुत्या पडतात, आणि तो पीळ स्प्रिंगसारखा धक्का झेलून घेतो. थोडेसे घसरले तरी तो टायर पुन्हा पकड घेऊ शकतो. रेडियल मात्र धरला तर घट्ट धरतो आणि एकदा सुटला की पाय उचलल्याशिवाय सहसा परत धरत नाही. स्लिकवरून रेडियलवर येणाऱ्यांची बहुतांश निराशा याच फरकातून येते, आणि ते ती हवेच्या नावावर खपवतात.

टायरलाच विचारा

टप्प्याटप्प्याने हवा बदलताना केवळ टाइमस्लिपकडे पाहू नये. टायरच्या पट्ट्यावर आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढावी, गाडी सपाट जागेवर सरळ रेषेत काही फूट हळू चालवावी आणि रेघ कुठे पुसली गेली ते पाहावे. फक्त मध्ये पुसली असेल तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली असेल तर कमी. ही चाचणी स्थिर भाराची आहे, लाँचच्या भाराची नाही, हे लक्षात ठेवून तिच्याकडे केवळ सुरुवातीचा अंदाज म्हणून पाहावे.

त्याहून खरा पुरावा लाँचच्या जागी पडलेल्या काळ्या खुणांमध्ये असतो, मात्र त्या आपल्याच गाडीच्या आहेत याची खात्री हवी. दोन गडद कडा आणि मध्ये फिकट पट्टा दिसला तर टायर कडांवर उभा होता. मध्ये गडद आणि कडा फिकट असतील तर हवा जास्त होती. टायरचे तापमान मोजण्याचे साधन असेल तर बर्नआउटनंतर मध्यभागी आणि दोन्ही कडांना मोजलेले आकडे हीच गोष्ट सांगतात. रिम टायरच्या मानाने अरुंद असेल तर पट्टा आपोआप मध्ये फुगतो. अशा जोडीला थोडी कमी हवा लागते, आणि एका मर्यादेनंतर ती जोडीच चुकीची असते.

एकावेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम सर्वांना पाठ असतो आणि पाळत कोणीच नाही, मीही नाही. तरी निदान हवा बदलताना लाँच आरपीएम आणि बर्नआउटचा कालावधी बदलू नये. वहीत प्रत्येक धावेसमोर वेळ, हवामानाचे आणि ट्रॅकचे तापमान, रांगेतला दाब, परतल्यानंतरचा दाब, लेन, साठ फुटांची वेळ आणि चाक घसरले की नाही एवढे लिहावे. साठ फुटांत वाचलेला एक दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो, त्यामुळे अंतिम वेळेपेक्षा याच रकान्याकडे बघून निर्णय घ्यावा.

बर्नआउट

बर्नआउटचा उद्देश टायरवरची घाण काढणे आणि वरचा थर चिकट होईल इतका तापवणे एवढाच आहे. साध्या रस्त्याच्या टायरने पाण्यातून जाऊ नये. त्याच्या खाचा पाणी धरतात, ते चाकाच्या कमानीत उडते आणि नेमके लाँचच्या जागी थेंब थेंब गळते. पाण्याला वळसा घालून, कोरड्या जागी दोनतीन सेकंद चाके फिरवून घाण काढली की पुरे. ड्रॅग रेडियलला मध्यम, स्लिकला थोडा जास्त बर्नआउट लागतो. पण या विषयात त्याचे महत्त्व असे की दर वेळी बर्नआउट वेगळा झाला तर टायरच्या आतली हवाही वेगळ्या तापमानाला पोहोचते, आणि रांगेत मोजलेल्या अचूक आकड्याचा उपयोग राहत नाही. मी आता मनात मोजून तेवढेच सेकंद करतो.

हवा फार कमी झाल्याची लक्षणे

हौशी मंडळींची चूक जवळजवळ नेहमी कमी हवेकडे झुकलेली असते, म्हणून ही लक्षणे ओळखता आली पाहिजेत. एक म्हणजे लाँचनंतर लगेच गाडी दात वाजतील इतकी थरथरते. टायर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो असा हा प्रकार असतो. त्याला हवा हे एकच कारण नसते, पण फार मऊ पडलेली बाजू हे नेहमीचे कारण आहे आणि १ पीएसआय वाढवून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग. दुसरे लक्षण शेवटच्या टप्प्यात, वेग वाढल्यावर, मागची बाजू डावीउजवीकडे तरंगल्यासारखी वाटणे. साठ फुटांची वेळ कितीही सुरेख असली तरी अशा वेळी हवा वाढवावीच लागते, कारण त्या वेगाला गाडी भिंतीकडे जाण्यास फार थोडा वेळ लागतो.

तिसरे लक्षण डोळ्यांना चटकन दिसत नाही: रिम टायरच्या आत फिरते. यासाठी रिमच्या कडेपासून टायरच्या बाजूवर एक सरळ रेघ ओढून ठेवावी. धावेनंतर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर टायर रिमवर घसरला आहे. आत ट्यूब असेल तर तिचा व्हॉल्व्ह ओढला जाऊन तुटू शकतो. हवा वाढवणे हा तात्पुरता उपाय. जास्त ताकदीच्या गाड्यांत स्लिकची कड रिमला स्क्रूने पक्की करतात ती याचसाठी, पण ते काम त्यासाठी योग्य असलेल्या रिमवर आणि जाणकाराकडूनच करून घ्यावे.

डावे-उजवे आणि पुढचे टायर

अखंड मागील ॲक्सल असलेल्या गाडीत, इंजिन नेहमीच्या दिशेने फिरत असेल तर, प्रोपेलर शाफ्टचा पीळ डाव्या मागच्या चाकाला दाबतो आणि उजव्याला उचलू पाहतो. त्यामुळे उजवे चाक आधी घसरणे हा दोष पुष्कळ गाड्यांत आढळतो. काही जण तो दोन टायरांत वेगवेगळी हवा ठेवून सुधारतात. मला हा मार्ग पटत नाही. हवेतला फरक अर्ध्या पीएसआयच्या वर गेला की गाडीचे वळण बदलते आणि वेगात तेच महागात पडते. हे काम सस्पेन्शनचे आहे. मात्र नवीन स्लिकची जोडी बसवताना दोन्ही टायरांचा घेर सारख्या दाबाला फीतपट्टीने मोजून घ्यावा, कारण एकाच मापाच्या दोन स्लिकमध्येही थोडा फरक निघतो आणि तो हवेने किंचित जुळवता येतो.

पुढच्या टायरमध्ये हवा वाढवली की चाकाचा विरोध कमी होतो, म्हणून बाजूवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून ती वाढवण्याची पद्धत आहे. तिचा एक कमी माहीत असलेला परिणाम असा की कडक टायर सुरुवातीच्या रेषेवरच्या, गाडीची जागा ओळखणाऱ्या प्रकाशकिरणाच्या उंचीवर थोडी लहान लांबी अडवतो, गाडी किरणातून लवकर बाहेर पडते आणि रिअॅक्शनची वेळ (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी सुटेपर्यंतची) किंचित सुधारते. त्यामुळे पुढची हवाही वहीत लिहावी, नाही तर हिरव्या दिव्याआधी सुटल्याचा लाल दिवा लागण्याचे कारण कळत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सगळे उलट आहे: लाँचला वजन चालकचाकांवरून मागे निघून जाते, म्हणून पुढे हवा कमी करतात आणि मागे वाढवतात, आणि पकडीची अपेक्षाही थोडी कमीच ठेवतात.

हवेचा दोष नसेल तेव्हा

वरील सर्व करूनही साठ फुटांची वेळ हंगामभर हळूहळू वाढतच असेल तर टायर पाहावा. प्रत्येक वेळी तापून थंड होताना रबर थोडे थोडे कडक होते. नखाने दाबून वळ उमटत नसेल, किंवा कडकपणा मोजण्याच्या साधनावरचा आकडा नव्या टायरपेक्षा बराच वाढला असेल, तर खाच कितीही शिल्लक दिसली तरी तो टायर संपला आहे. दर धावेला एकाच टायरची हवा घटत असेल तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे पाहावेत. स्लिकची बाजू पातळ असल्यामुळे ट्यूबशिवाय तिच्यातूनही हवा झिरपते. नायट्रोजन भरल्याने हा प्रश्न सुटत नाही. कोरडी हवा आणि नायट्रोजन तापल्यावर जवळजवळ सारखेच फुगतात, फायदा असतो तो ओलावा नसण्याचा, आणि तो यंत्रातले पाणी वेळेवर काढून टाकूनही मिळतो.

ट्रॅकचाही वाटा असतोच. भर दुपारी पृष्ठभाग फार तापला की त्यावरचा चिकट थर तेलकट होतो, आणि तयारी न केलेल्या धावपट्टीवर किंवा साध्या डांबरावर तर तो थर नसतोच. तिथे हवा आणखी काढण्याऐवजी लाँच आरपीएम पाचसहाशेने कमी करून पाहावे, आणि शेजारच्या लेनमधल्या सगळ्याच गाड्या घसरत आहेत का हे आधी बघून घ्यावे.

हीच गाडी घरी चालवत न्यायची असेल तर मैदान सोडण्यापूर्वी, टायर गार झाल्यावर, चारही टायरमध्ये दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरावी. मी एकदा २० पीएसआयवरच निघालो होतो; अर्ध्या तासाने थांबून टायरच्या बाजूला हात लावला तेव्हा तो लगेच मागे घ्यावा लागला.